आकडा वाढतो, वेळ सरतो : चक्रवाढीच्या ब्राउझर खेळांचे आकर्षण आणि त्यांची निवड

नवी दिल्ली : पडद्यावर एक मोठी कुकी असते. तिच्यावर एकदा क्लिक केले की खात्यावर एक कुकी जमा होते. पंधरा कुकीज साठल्या की आपल्या वतीने क्लिक करणारा एक कर्सर विकत घेता येतो. पुढे कुकी भाजणारी आजी, मग शेत, खाण, कारखाना अशी मालमत्ता वाढत जाते. काही तासांनी आकडा कोटींच्या पुढे जातो आणि खेळणाऱ्याने बराच वेळ माऊसला हातही लावलेला नसतो. 'कुकी क्लिकर' या नावाने २०१३ पासून प्रसिद्ध असलेला हा खेळ 'इन्क्रिमेंटल' म्हणजे टप्प्याटप्प्याने वाढत जाणाऱ्या खेळांचा सर्वांत परिचित नमुना आहे.

यांनाच 'क्लिकर' किंवा 'आयडल' खेळ असेही म्हणतात. मराठीत त्यांना चक्रवाढीचे खेळ म्हणणे सयुक्तिक ठरेल, कारण मिळकत पुन्हा गुंतवायची आणि वाढीव मिळकत मिळवायची, हा त्यांचा गाभा आहे. ते बहुधा विनामूल्य असतात, कोणतेही ॲप न घेता ब्राउझरमध्ये चालतात आणि त्यांत कौशल्यही फारसे लागत नाही. तरीही त्यांत माणसे आठवडेच्या आठवडे रमतात. या खेळांचे खरे चलन कुकी किंवा सोने नसून प्रतीक्षा आहे. कोणता खेळ आपल्या प्रतीक्षेचे काय करतो, हे पाहिले की त्याचे आकर्षण समजते आणि निवडही सोपी होते.

विडंबनातून उगम

या प्रकाराचा प्रारंभ थट्टेतून झाला. २००२ मध्ये एरिक फ्रेडरिकसन यांनी 'प्रोग्रेस क्वेस्ट' हा खेळ तयार केला. त्यात खेळणाऱ्याने पात्र निवडायचे. त्यानंतरच्या लढाया, लूट आणि बढत्या आपोआप होत राहतात व आपण फक्त पट्ट्या भरताना पाहायच्या. त्या काळच्या 'एव्हरक्वेस्ट'सारख्या ऑनलाइन खेळांत तासन्‌तास तेच ते करावे लागे, त्यावरची ही टीका होती.

दुसरे विडंबन अधिक गाजले. फेसबुकवर 'फार्मव्हिल'सारख्या खेळांचा जोर असताना अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेतील प्राध्यापक आणि खेळरचनाकार इयन बोगोस्ट यांनी २०१० मध्ये 'काऊ क्लिकर' आणला. त्यात एका गायीवर दर सहा तासांनी एकदाच क्लिक करता येई. वाट पाहायची नसेल तर पैसे मोजून क्लिक घेता येत असे. सामाजिक खेळांचे पोकळपण दाखवण्यासाठी रचलेला हा खेळ लोक मनापासून खेळू लागले. सप्टेंबर २०११ मध्ये बोगोस्ट यांनी सर्व गायी नाहीशा केल्या, तेव्हाही गाय जिथे उभी असे त्या रिकाम्या जागेवर क्लिक करण्याची सोय उरली होती.

२०१३ हे या प्रकाराच्या स्वतंत्र ओळखीचे वर्ष ठरले. त्या वर्षी 'कँडी बॉक्स' आला. त्यात दर सेकंदाला एक गोळी जमा होते आणि सुरुवातीला त्या खाण्याखेरीज किंवा जमिनीवर टाकण्याखेरीज काही करता येत नाही. हळूहळू मात्र अक्षरे व चिन्हे यांतून रेखाटलेले एक साहसविश्व उलगडते. त्याच वर्षी मायकेल टाउनसेंड यांचा 'अ डार्क रूम' आणि ऑगस्टमध्ये 'ऑर्टेल' या नावाने ओळखले जाणारे फ्रेंच प्रोग्रॅमर ज्युलियन थिएनो यांचा 'कुकी क्लिकर' प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये 'किटन्स गेम', 'क्लिकर हीरोज' आणि 'ॲडव्हेंचर कॅपिटलिस्ट' आले. विडंबनाचे बोट धरून आलेला प्रकार आता स्वतःच्या पायांवर उभा राहिला होता.

चक्रवाढीचे गणित

या खेळांच्या तळाशी एक साधा असमतोल असतो. 'कुकी क्लिकर'मध्ये पहिला कर्सर १५ कुकीजला मिळतो आणि प्रत्येक खरेदीनंतर पुढच्याची किंमत १५ टक्क्यांनी वाढते. पाच खरेद्यांत किंमत दुप्पट होते. पन्नास कर्सर घेतल्यावर पुढचा सुमारे १६ हजारांना आणि शंभर घेतल्यावर पुढचा सुमारे १ कोटी ७६ लाखांना पडतो. किंमत चक्रवाढीने चढते, पण प्रत्येक नव्या कर्सरचे मूळ उत्पन्न पहिल्याइतकेच असते. त्यामुळे कोणतेही एक साधन कायम फायद्याचे राहत नाही आणि खेळणाऱ्याला सतत पुढच्या साधनाकडे वळावे लागते.

निर्णयाची गंमत येथे आहे. पहिला कर्सर सेकंदाला ०.१ कुकी देतो, म्हणजे त्याची किंमत १५० सेकंदांत वसूल होते. आजीची किंमत १०० आणि उत्पन्न सेकंदाला १ कुकी, म्हणजे वसुली १०० सेकंदांत. शेताची किंमत १,१०० आणि उत्पन्न ८, म्हणजे वसुलीला सुमारे १३८ सेकंद. सुरुवातीला आजी किफायतशीर ठरते. पण तीन आज्या घेतल्यावर चौथीची किंमत दीडशेच्या वर जाते आणि शेत अधिक लाभाचे होते. कुठलेही सूत्र न शिकवता हा खेळ गुंतवणूक वसूल होण्याचा काळ ताडायला शिकवतो. 'थेंबे थेंबे तळे साचे' या म्हणीतील थेंब येथे दर काही मिनिटांनी मोठा होत असतो.

आकडे लवकरच नेहमीच्या भाषेबाहेर जातात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या बाराव्या शतकातील ग्रंथात एकापासून परार्धापर्यंत संख्यास्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्ये. चिकाटीने खेळणारा हा टप्पा सहज ओलांडतो. पुढची अडचण संगणकाची असते. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट ही भाषा नेहमीच्या पद्धतीने पूर्णांक सुमारे ९० लाख अब्जांपर्यंतच अचूक मोजते आणि तिची कमाल मर्यादा साधारण १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात इतकी आहे. २०१६ मध्ये आलेल्या 'अँटीमॅटर डायमेन्शन्स' या खेळाने ही तांत्रिक मर्यादाच कथेत ओवली. आकडा तेथे पोचला की खेळ त्याला 'अनंत' म्हणतो आणि तेथून नवा टप्पा सुरू होतो.

यातील आणखी एक युक्ती म्हणजे 'प्रेस्टिज'. वाढ मंदावली की आतापर्यंतची सारी मिळकत सोडून पहिल्यापासून सुरुवात करायची आणि त्याबदल्यात कायमस्वरूपी वाढीव वेग घ्यायचा. 'कुकी क्लिकर'मध्ये अशी पहिली पातळी १ लाख कोटी कुकीजना मिळते. दहा पातळ्यांसाठी त्याच्या हजारपट कुकीज लागतात. पुनर्जन्मात मागचे पुण्य कामी यावे, तसा हा हिशेब आहे. पहिल्यांदा जे गाठायला दिवस लागले ते दुसऱ्या फेरीत काही तासांत होते आणि आपण प्रगती केली, ही भावना दृढ होते.

मन का गुंतते?

या आकर्षणाची काही कारणे मानसशास्त्राला दीर्घकाळ परिचित आहेत. पहिले कारण म्हणजे अपुरे काम. मारिया ओव्ह्सियान्किना यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मध्येच थांबवलेले काम माणसे संधी मिळताच, कोणी न सांगताही पुन्हा हाती घेतात असे दिसले. चक्रवाढीच्या खेळात काम कधीच पुरे होत नाही. पुढची खरेदी नेहमी थोड्याच अंतरावर असते, तिचे नाव करड्या अक्षरांत दिसत असते आणि टॅब उघडाच राहतो.

दुसरे कारण म्हणजे अनिश्चित बक्षीस. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात बक्षिसाची वेळापत्रके तपशिलाने मांडली. किती प्रयत्नांनंतर बक्षीस मिळेल हे ठरलेले नसेल तर प्रयत्न अधिक चिकाटीने होतात, हा त्यातील प्रसिद्ध निष्कर्ष आहे. 'कुकी क्लिकर'मधील सोनेरी कुकी अनियमित अंतराने अवतरते आणि काही सेकंदांतच विरून जाते. ती टिपण्यासाठी खेळणारा पडद्याकडे डोळा ठेवून बसतो.

तिसरे कारण अधिक सौम्य आहे. नोकरी, अभ्यास किंवा घरकाम यांत श्रम आणि फळ यांचा संबंध अनेकदा धूसर असतो. येथे प्रत्येक कृतीचे फळ तत्काळ आणि आकड्यात दिसते. कोणी हरवत नाही, कोणी घाई करत नाही आणि बहुतेक खेळांत चूक झाली तरी फारसे बिघडत नाही. दोन कामांच्या मधल्या फटीत डोकावून पाहण्यापुरता असा खेळ विसावा देऊ शकतो. तीच फट रुंदावत गेली तर मात्र खेळ कामाची जागा घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश आहे. ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळण्यावरील नियंत्रण सुटणे, इतर गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि दुष्परिणाम दिसूनही खेळणे सुरू राहणे, ही त्याची लक्षणे असून ती साधारणतः १२ महिने दिसणे अपेक्षित आहे. केवळ रोज खेळणे म्हणजे विकार नव्हे.

प्रतीक्षेची किंमत

खेळाचा आराखडा प्रतीक्षेवर उभा असेल तर ती प्रतीक्षा विकताही येते. 'काऊ क्लिकर'ने थट्टेने दाखवलेली ही वाट मोबाइलवरील अनेक खेळांनी व्यवसाय म्हणून स्वीकारली. खऱ्या पैशांनी खेळातील सोने घ्यायचे आणि सोन्याने वेळ पुढे ढकलायचा, अशी रचना 'ॲडव्हेंचर कॅपिटलिस्ट'मध्ये आहे. काही खेळ जाहिरात पाहिल्यास काही काळ दुप्पट उत्पन्न देतात. अशा ठिकाणी रचनाकारासमोर मोह असतो : वाट जितकी कंटाळवाणी, तितकी विक्री अधिक. गती मंद होण्यामागे गणित आहे की दुकान, हे खेळणाऱ्याने ओळखणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

भारतीय कायद्याच्या दृष्टीने येथे एक सीमारेषा आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन व नियमनाविषयीच्या कायद्याला २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्यात, आर्थिक लाभाच्या अपेक्षेने पैसे किंवा तत्सम काही पणाला लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, याने फरक पडत नाही. ज्यांत काहीच पणाला लागत नाही आणि रोख परताव्याचे आश्वासन नसते, असे विनामूल्य चक्रवाढीचे खेळ या व्याख्येत बसत नाहीत. मात्र 'क्लिक करा आणि पैसे कमवा' असे सांगून आधी पैसे भरायला लावणारे पान चक्रवाढीच्या खेळासारखे दिसले तरी त्याचा या प्रकाराशी संबंध नाही. त्यापासून दूर राहणेच इष्ट.

निवड करताना चार प्रश्न

पहिला प्रश्न : खेळाला शेवट आहे का? काही खेळांत कथा पूर्ण होते आणि खेळणारा मोकळा होतो. काही महिनोन्‌महिने चालतात. एका शनिवार-रविवारची करमणूक हवी असणाऱ्याने शेवट असलेला खेळ घ्यावा. दीर्घकाळ अधूनमधून डोकावायचे असेल तरच अखंड वाढणारा घ्यावा.

दुसरा प्रश्न : आपण नसताना काय होते? काही खेळ परत आल्यावर मधल्या काळाची मिळकत हिशेबाने देतात. 'कुकी क्लिकर'मध्ये मात्र सुरुवातीला पान बंद केले की भट्टीही बंद होते. अनुपस्थितीतील उत्पन्नाची सोय पुढे, प्रेस्टिजनंतर मिळवावी लागते. टॅब मागे ठेवून दुसरे काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वीज वाचवण्यासाठी ब्राउझर झाकलेल्या टॅबची गती कमी करतात. जानेवारी २०२१ मधील क्रोमच्या ८८ व्या आवृत्तीपासून, पाच मिनिटांहून अधिक काळ झाकलेल्या शांत टॅबमधील कालमापक बहुधा मिनिटातून एकदाच चालतात. चांगले खेळ गेलेला वेळ घड्याळावरून मोजून ही तूट भरून काढतात.

तिसरा प्रश्न : पैसे कशासाठी मागितले जातात? संपूर्ण खेळासाठी एकदाच किंमत घेणे हा स्वच्छ व्यवहार आहे. बाजूला जाहिरात दाखवणेही समजण्यासारखे आहे. वेळ वाचवण्यासाठी वारंवार पैसे मागणारा खेळ टाळलेला बरा. मुलांच्या हाती फोन देताना खरेदीवर पासवर्ड ठेवणे आवश्यक आहे.

चौथा प्रश्न : प्रगती कुठे साठते? बहुतेक ब्राउझर खेळांत खाते नसते आणि सारी प्रगती त्या संगणकावरील त्या ब्राउझरमध्येच राहते. ब्राउझरमधील साठवलेली माहिती पुसली, खासगी खिडकीत खेळले किंवा संगणक बदलला की महिन्यांची कमाई एका क्षणात जाते. ॲपलच्या सफारीमध्ये २०२० पासून, ब्राउझर वापरात असूनही सात दिवस ज्या संकेतस्थळाशी संपर्क आला नाही, त्याने साठवलेली माहिती काढून टाकली जाते. यावर उपाय सोपा आहे. बहुतेक चांगल्या खेळांत 'एक्सपोर्ट' हा पर्याय असतो. त्यातून मिळणारी अक्षरांची लांब ओळ स्वतःला ईमेल करून ठेवावी. ती 'इम्पोर्ट'मध्ये चिकटवली की खेळ जिथल्या तिथे सुरू होतो.

बाहेरील धक्का कसा बसू शकतो, याचे उदाहरण ताजे आहे. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील सामग्री चालणे बंद झाले. त्या तंत्रावर बेतलेले असंख्य ब्राउझर खेळ एका रात्रीत मुके झाले. आज निवड करताना साध्या जावास्क्रिप्टवर चालणारा खेळ घेणे त्यामुळे शहाणपणाचे आहे.

कोणासाठी कोणता?

कथेची आवड असलेल्यांसाठी 'अ डार्क रूम' ही उत्तम सुरुवात आहे. थंड खोली, विझलेली शेकोटी आणि एकच बटण यांतून गाव, त्याचे रहिवासी आणि बाहेरचे उजाड जग उलगडते. खेळ जवळजवळ संपूर्ण मजकुराचा असल्याने जुन्या संगणकावर आणि संथ इंटरनेटवरही अडखळत नाही. तो काही तासांत संपतो आणि त्याचा मूळ प्रोग्रॅमही सर्वांना पाहण्यासाठी खुला आहे.

विचाराला खाद्य हवे असेल तर फ्रँक लँट्झ यांचा २०१७ चा 'युनिव्हर्सल पेपरक्लिप्स' घ्यावा. येथे खेळणारा कागदाच्या टाचण्या, म्हणजे पेपरक्लिप बनवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता असतो. तार विकत घ्यायची, किंमत ठरवायची, जाहिरात करायची इथपासून सुरुवात होते. तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांच्या प्रसिद्ध विचारप्रयोगावर तो आधारलेला आहे : एकच उद्दिष्ट दिलेले यंत्र त्या उद्दिष्टासाठी सारे जग कच्चा माल समजू लागले तर? खेळ या प्रश्नाला शेवटपर्यंत नेतो आणि तेथे थांबतो. आकडा वाढवण्याच्या स्वतःच्याच ओढीकडे खेळणाऱ्याला पाहायला लावणारा असा खेळ विरळा.

नियोजनाची हौस असलेल्यांना 'किटन्स गेम' दीर्घकाळ पुरेल. मांजरांच्या वस्तीपासून संस्कृती उभी करायची असते. ऋतू बदलतात, हिवाळ्यात अन्नाचे उत्पन्न घटते आणि साठा केला नसेल तर मांजरे दगावतात. निष्काळजीपणाला शिक्षा असणारा हा या प्रकारातील कडक खेळ आहे. निव्वळ आकड्यांची रचना आवडणाऱ्यांनी 'अँटीमॅटर डायमेन्शन्स'कडे वळावे. त्यात आठ पातळ्या असतात आणि प्रत्येक वरची पातळी खालची पातळी निर्माण करते, त्यामुळे वाढीचाही वेग वाढत जातो. हलकीफुलकी सोबत हवी असेल तर 'कुकी क्लिकर' आजही ताजा वाटतो. तो ब्राउझरमध्ये विनामूल्य आहे आणि २०२१ पासून स्टीमवर विकतही मिळतो.

या सर्व खेळांची मूळ भाषा इंग्रजी आहे. नवख्या वाचकाने दोन शब्द लक्षात ठेवले तर सोपे जाते : 'बिलियन' म्हणजे अब्ज आणि 'ट्रिलियन' म्हणजे लाख कोटी. त्यापुढे बहुतेक खेळांत शास्त्रीय पद्धतीने घातांक दाखवण्याचा पर्याय असतो आणि तोच वाचायला सुटसुटीत ठरतो. सलग क्लिक करून मनगट दुखवण्याची गरज नसते. स्वयंचलित साधने लवकर घेणे हेच खेळातही किफायतशीर असते.

नवा खेळ सुरू केल्यावर पहिल्या अर्ध्या तासात त्याचा स्वभाव कळतो. नवीन काही दिसण्याचे थांबून केवळ आकडाच मोठा होत असेल, परत येण्यासाठी सूचनांचा भडिमार होत असेल किंवा वाट पाहण्याची किंमत रुपयांत सांगितली जात असेल, तर टॅब बंद करण्यात काही गमावले जात नाही. चक्रवाढीचा चांगला खेळ आपल्यावाचूनही चालतो आणि आपल्याला उठून जाऊ देतो.